कोनी आयलंडचा पोरगा, बीजिंगचा ‘कमिसार मा’



गेल्या वेळच्या लेखानंतर भिलाईहून एका ताईंचा मेसेज आला. त्यांची मुलगी नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते आणि रात्री झोपायच्या ऐवजी मोबाइलवर एनबीएच्या क्लिप्स बघते. (ताई, हे घराघरात चालू आहे, तुमच्या एकट्याच्या घरात नाही.) तर या मुलीचा प्रश्न असा की, एनबीएमध्ये ज्यांना जागा मिळत नाही किंवा ज्यांना तिथून काढून टाकतात, ते खेळाडू पुढे करतात काय? घरी बसतात?

प्रश्न इतका आवडला की ठरवलेला विषय बाजूला ठेवला.

आधी साधं गणित बघू. एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात साधारण १५ खेळाडू. म्हणजे झाल्या ४५० जागा. या साडेचारशे जागांवर अमेरिकेतल्या कॉलेजांमधून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या पोरांचा डोळा असतो, शिवाय सर्बिया, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नायजेरिया अशा ठिकाणचे खेळाडूही रांगेत असतातच. मग उरलेले जातात बाहेर. स्पेन, तुर्कस्तान, इटली, इस्रायल, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, चीन. अमेरिकेत यासाठी एकच शब्द आहे, ‘ओव्हरसीज’. आपल्याकडे ‘साता समुद्रापार’ म्हटलं की त्यात थोडी ऐट असते, पेढे वाटले जातात. अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या तोंडी हाच शब्द बरेचदा मान खाली घालून येतो. ‘सध्या ओव्हरसीज खेळतोय’ याचा अर्थ ऐकणारा लावतो, ‘म्हणजे इथे जमलं नाही.’

ही पद्धत आपल्याला नवी नाही. विजय हजारे १९४९ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल क्लबसाठी खेळायला गेले होते. गावचा क्लब, बाकी सगळे हौशी खेळाडू आणि पैसे देऊन आणलेला एकच ‘प्रोफेशनल’. शनिवारी त्याने धावा काढायच्या आणि विकेट्सही घ्यायच्या, कारण गावाने पैसे मोजलेले असतात. १९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून गेला, तेव्हाही बाहेरून आणलेल्या माणसाकडे तिथले लोक कसे बघतात, हे त्याने अनुभवलं असणारच. फरक एवढाच की, हजारे आणि सचिन जाताना इथे कुणी म्हटलं नाही की त्यांचं संपलं.

बास्केटबॉलमध्ये अशा बाहेरून आणलेल्या खेळाडूला ‘इम्पोर्ट’ म्हणतात. बंदरावर उतरलेला माल असावा तसा शब्द आहे, पण रुळलाय. करार बहुतेक वेळा एका सीझनचा. क्लब राहायला फ्लॅट देतो, काही ठिकाणी गाडीही देतो. संघ हरायला लागला की पहिली कुऱ्हाड इम्पोर्टवर पडते, कारण त्याच्या जागी दुसरा इम्पोर्ट आठवड्याभरात येऊ शकतो. पगार थकवण्याचे प्रकार इतके झाले की, २००७ मध्ये जागतिक संघटना ‘फिबा’ने असे वाद सोडवण्यासाठी जिनिव्हात स्वतंत्र लवाद सुरू केला. माझी स्वतःची नोकरी करारावरची आहे. दर वर्षी रिन्यूअलच्या महिन्यात आई फोनवर दबक्या आवाजात विचारते, ‘ठेवतायत ना पुढच्या वर्षी?’ त्यामुळे ही इम्पोर्ट मंडळी मला जवळची वाटतात. मला निदान ‘ठेवतायत’ हे मराठीत सांगता येतं. त्यांना कित्येकदा स्वतःला काढून टाकल्याची बातमीही दुभाष्याकडून कळते.

तर भिलाईच्या त्या मुलीला मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याला एनबीएत जागा न मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तो तिथला मोठा स्टार होता. तरीही बत्तिसाव्या वर्षी त्याला कुणी विचारेना आणि तो चीनमध्ये कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात खेळायला गेला.

त्याचं नाव स्टेफॉन मार्बरी.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अगदी टोकाला, समुद्राकाठी कोनी आयलंड नावाचा भाग आहे. पाळणे, जत्रा आणि हॉट डॉगसाठी प्रसिद्ध. पण जत्रेच्या मागे सरकारी चाळवजा उंच इमारती आहेत आणि त्यांच्यामध्ये बास्केटबॉलची कोर्टं. मार्बरी १९७७ साली इथे जन्मला, सात भावंडांमधला सहावा. त्याचे तीन मोठे भाऊ एकापेक्षा एक खेळाडू, तिघेही कॉलेजपर्यंत पोहोचले आणि तिघांपैकी एकालाही एनबीए मिळाली नाही. मग सगळ्या घराची नजर या चौथ्यावर. आपल्याकडे मोठ्याचं मेडिकल हुकलं की धाकट्याच्या वाट्याला जे येतं ना, तेच. डार्सी फ्रे या पत्रकाराने १९९४ मध्ये ‘द लास्ट शॉट’ हे पुस्तक लिहिलं, ते मार्बरीच्या शाळेच्याच, अब्राहम लिंकन हायस्कूलच्या पोरांवर. त्यात हा मार्बरी शाळेत नुकताच दाखल झालेला, तोंडाळ आणि स्वतःवर जबरदस्त विश्वास असलेला मुलगा म्हणून भेटतो.

विश्वास खोटा नव्हता. जॉर्जिया टेक कॉलेजात एकच वर्ष काढून तो १९९६ च्या ड्राफ्टमध्ये उतरला आणि चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. निवडलं मिलवॉकी बक्सने, पण लगेच मिनेसोटाला देऊन टाकलं आणि बदल्यात रे ॲलन घेतला. पुढे १९९८ मध्ये स्पाइक लीचा ‘ही गॉट गेम’ सिनेमा आला. कोनी आयलंडचा, लिंकन हायस्कूलचा, सगळ्यांची आशा असलेला पोरगा ही त्याची कथा. त्या पोराची भूमिका कुणी केली? रे ॲलनने. मला हा योगायोग भारी वाटतो. ज्याच्या बदल्यात तुम्हाला पाठवलं, तोच पडद्यावर तुमच्या गल्लीतला मुलगा होतो.

मिनेसोटात त्याची जोडी केविन गार्नेटबरोबर जमली होती. ही दोघं दहा वर्षं राज्य करतील, असं लोक म्हणत. पण मार्बरीला तिथे राहायचं नव्हतं. १९९९ मध्ये तो न्यू जर्सीला गेला. २००१ मध्ये न्यू जर्सीने त्याला फिनिक्सला दिलं आणि बदल्यात जेसन किड आणला. किड आल्यावर तोच न्यू जर्सीचा संघ सलग दोन वर्षं एनबीएच्या फायनलला पोहोचला. याहून बोचरं काय असणार? मार्बरीचे आकडे बघाल तर एनबीए कारकिर्दीत सरासरी १९.३ पॉइंट्स आणि ७.६ असिस्ट, दोनदा ऑल-स्टार. पण तो जिथून निघतो, तिथे भरभराट होते, असं लोक बोलायला लागले. हे असं बोलणं एकदा चिकटलं की पाठ सोडत नाही.

जानेवारी २००४ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडे आला. घरी. लहानपणी ज्या संघासाठी ओरडला, त्याच संघात. शेवट गोड व्हायला हवा होता, पण इथेच सगळं बिघडलं. निक्सचे तेव्हाचे दिवस वाईट होते. २००५-०६ मध्ये प्रशिक्षक लॅरी ब्राउनशी त्याचं जाहीर भांडण झालं, त्या सीझनमध्ये संघ ८२ पैकी फक्त २३ सामने जिंकला. पुढचा प्रशिक्षक आयझेया थॉमस, त्याच्याशीही बिनसलं. मार्बरी साधुसंत नव्हता, हे सांगायलाच हवं. हट्टी होता, नको तिथे नको ते बोलायचा, एकदा तर दौऱ्यावरून संघाला सोडून निघून आला. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं अशा माणसाला सोडत नाहीत.

पण याच काळातली त्याची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते, आणि मुलांच्या शाळेच्या बुटांची खरेदी केलेल्या कुठल्याही आईला ती कळेल. २००६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे बूट काढले, ‘स्टारबरी’. किंमत १४.९८ डॉलर. तेव्हा मोठ्या खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर डॉलरच्या पुढे असत आणि त्या बुटांसाठी गरीब वस्त्यांमधली पोरं घरी हट्ट धरत, कधी मारामाऱ्याही होत. सात मुलं असलेल्या घरात महागडे बूट कुठून येणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने स्वस्त बूट काढले आणि ‘स्वस्त म्हणजे भिकार’ असं कुणी म्हणू नये म्हणून एनबीएच्या सामन्यांत स्वतः तेच घालून खेळला. दुकानांसमोर रांगा लागल्या. पण ज्या साखळी दुकानांत ते मिळायचे, ती ‘स्टीव्ह अँड बॅरीज’ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि बूटही दिसेनासे झाले.

त्याआधी, २ डिसेंबर २००७ ला, निक्सचा घरच्या मैदानावर सामना होता. सामना चालू असताना त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ते वाचले नाहीत. मार्बरी कोर्टवर होता. त्याला हे सामना संपल्यावर कळलं.

हे वाक्य लिहिताना मी जरा थांबले. आपल्याकडेही असंच करतात ना? ‘पेपर होऊ दे, मग सांगू.’ ‘तो प्रवासात आहे, पोहोचला की सांगू.’ सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला उशिरा कळतं, तो त्या मधल्या वेळाचं काय करत असेल?

पुढचा सीझन आणखी विचित्र. नवे प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी त्याला खेळवलंच नाही. वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरचा करार, आणि माणूस साध्या कपड्यांत बाकावर. फेब्रुवारी २००९ मध्ये तडजोड करून संघाने त्याला मोकळं केलं. उरलेले काही महिने तो बोस्टनकडून खेळला, नंतर कुठेच नाही.

मग आला २००९ चा उन्हाळा. मार्बरीने इंटरनेटवर स्वतःचं लाइव्ह प्रक्षेपण सुरू केलं, तासन् तास. आज लाइव्ह जाणं म्हणजे रोजचं झालंय, तेव्हा ते नवं होतं. कॅमेऱ्यासमोर तो नाचला, जेवला, ढसाढसा रडला. एकदा घसा दुखतोय म्हणून त्याने व्हॅसलिन खाल्लं. त्याची क्लिप जगभर फिरली. लोक हसले, विनोद झाले, ‘वेडा झालाय’ असे मथळे आले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका टीव्ही मुलाखतीत त्याने सांगितलं की, त्या दिवसांत तो खोल नैराश्यात होता आणि जगणं संपवावं असं त्याला वाटत होतं. वडील गेले होते, बुटांचा धंदा बुडाला होता, खेळ हातातून गेला होता. हसणाऱ्या लाखो लोकांपैकी कुणाला हे दिसलं नाही. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, नाहीतर मीही ती क्लिप कुणाला तरी फॉरवर्ड केली असती, हे मान्य करते.

(ही ओळ वाचताना कुणाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल असं काही जाणवलं, तर सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं.)

जानेवारी २०१० मध्ये तो विमानात बसला आणि चीनमध्ये उतरला. बीजिंग-शांघायला नाही हं. तायुआनला. ही शान्शी प्रांताची राजधानी, आणि शान्शी म्हणजे चीनची कोळशाची कोठी. थंडीत पारा शून्याच्या बराच खाली, हवेत कोळशाची भुकटी. संघाचं नाव ब्रेव्ह ड्रॅगन्स. हा संघ कसा चालायचा, त्याचा पोलादवाला मालक कसा स्वतःच खेळाडूंना धडे द्यायचा, याचं मजेदार वर्णन जिम यार्डली या अमेरिकन पत्रकाराच्या ‘ब्रेव्ह ड्रॅगन्स’ पुस्तकात आहे. तो त्याच्या आधीच्या वर्षाचा वृत्तांत आहे. यार्डली पुढे दिल्लीत न्यूयॉर्क टाइम्सचा प्रतिनिधी होता, म्हणून आपल्याकडच्या काही वाचकांना नाव ओळखीचं वाटेल.

तायुआनच्या विमानतळावर मार्बरीला घ्यायला चाहत्यांची गर्दी होती. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्या नावाने हुर्यो होत होती, त्याच्या नावाचा इथे जयजयकार. अमेरिकेत सगळ्यांना वाटलं, आणखी एक तमाशा. दोन महिने राहील, भांडेल, परत येईल. कारण तोवर चीनला गेलेले बरेच एनबीएवाले तेच करत होते. अन्न नको, थंडी नको, मालक नको, आणि पुढचं विमान.

हा राहिला. त्या अर्ध्या सीझनमध्ये चिनी लीगच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ मात्र काही वर गेला नाही. पुढच्या सीझनच्या तोंडावर शान्शीने त्याला नारळ दिला. इतकं होऊनही तो अमेरिकेला परतला नाही, दक्षिणेला फोशानच्या संघात गेला. तो संघही खालच्या पायरीवरचा. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत महत्त्वाचं वर्ष हेच आहे, आणि याच वर्षाबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. पुतळे नाहीत, ट्रॉफी नाही. एका परक्या देशातल्या दुसऱ्या परक्या गावात, हरणाऱ्या संघात, तेहतीस-चौतीस वर्षांचा माणूस रोज सरावाला जातोय. ज्याला एकेकाळी वर्षाला २ कोटी डॉलर मिळत होते आणि तरीही जो भांडत होता, तोच.

२०११ मध्ये बीजिंग डक्सने त्याला घेतलं. बीजिंग राजधानीचा संघ, पण लीगचं विजेतेपद एकदाही नाही. तेव्हाचा बलाढ्य संघ ग्वांगदोंग, त्यांनी आधीच्या आठपैकी सात विजेतेपदं जिंकलेली. तेव्हा चिनी लीगमध्ये परदेशी खेळाडू दोनच असत आणि त्यांच्या खेळण्याच्या वेळेवरही मर्यादा असे. म्हणजे एकट्या इम्पोर्टने येऊन सामना उचलून न्यावा, अशी सोयच नाही. स्थानिक पोरं चांगली खेळली तरच संघ जिंकणार. एनबीएत ज्याच्यावर ‘स्वतःपुरता खेळतो’ असा आरोप होता, त्याला हा नियम लागू झाला! प्रशिक्षक मिन लुलेई चिनी, भाषा चिनी, सहकारी लाजाळू. मार्बरी त्यांना सरावानंतर थांबवून शिकवायचा, सामन्यात ओरडून जागा सांगायचा, चुकलं की पाठीवर हात ठेवायचा. चाहत्यांनी त्याला नाव दिलं, ‘मा झंगवेई’. मा म्हणजे मार्बरीतला ‘मा’ (चिनी भाषेत या अक्षराचा अर्थ घोडा, हेही आलंच), आणि झंगवेई म्हणजे लाल सेनेतला राजकीय कमिसार, सैनिकांचं मनोबल सांभाळणारा अधिकारी. ब्रुकलिनच्या पोराला कम्युनिस्ट सैन्यातली पदवी! मराठीत सांगायचं तर चाहत्यांनी त्याला थेट ‘सुभेदार’ करून टाकलं.

सीझनची सुरुवातच बीजिंगने सलग १३ सामने जिंकून केली. त्याच वर्षी एनबीएत मालक आणि खेळाडूंचा तंटा होऊन काही महिने टाळेबंदी होती, म्हणून जे. आर. स्मिथ, केनियन मार्टिन, विल्सन चँडलर असे नावाजलेले खेळाडूही चीनमध्ये आले होते. ते पाहुणे होते, घड्याळ बघत खेळत होते. मार्बरी तोवर बीजिंगच्या मेट्रोमधून प्रवास करायला लागला होता. डब्यात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच काळा माणूस दांडी धरून उभा आणि आजूबाजूचे लोक फोन काढून फोटो घेतायत, अशी चित्रं तेव्हा चिनी इंटरनेटवर फिरायची. ‘चायना डेली’ या वर्तमानपत्रात तो कॉलमही लिहायचा. (स्तंभलेखक म्हणून मला त्याचा अभिमान आहे, उगाचच.)

उपान्त्य फेरीत समोर कोण यावं? शान्शी. ज्यांनी नारळ दिला तेच. मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि बीजिंग जिंकलं. फायनलमध्ये ग्वांगदोंगला ४-१ ने हरवलं. ३० मार्च २०१२ च्या शेवटच्या सामन्यात मार्बरीने ४१ पॉइंट्स केले. सामना संपल्यावर पस्तीस वर्षांचा हा माणूस लहान मुलासारखा रडला. या वेळी कॅमेरे होते आणि कुणी हसत नव्हतं.

आता गंमत बघा. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला मिळाला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परदेशी खेळाडूला तो मिळूच शकत नव्हता. तो त्याचा सहकारी ली श्वे-लिन याला मिळाला. चाहते चिडले. मार्बरी एनबीएत असता तर यावरून आठवडाभर मुलाखती झडल्या असत्या. इथे तो गप्प राहिला. त्याच वर्षी वुकसोंगच्या स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. जिवंत माणसाचा, तोही परदेशी खेळाडूचा, आणि तोही नुकतंच एक वर्ष संघात काढलेल्याचा.

पुढचं भरभर सांगते, कारण यश नेहमी एकसारखंच दिसतं. २०१४ मध्ये शिन्जियांगला हरवून दुसरं विजेतेपद, २०१५ मध्ये ल्याओनिंगला हरवून तिसरं. या तिसऱ्या वेळी, अडतिसाव्या वर्षी, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, कारण तोवर नियम बदलला होता. २०१४ मध्ये बीजिंगचं मानद नागरिकत्व मिळालं आणि नंतर चीनमध्ये कायम राहण्याचा परवानाही, जो परदेशी माणसाला सहजासहजी मिळत नाही. त्याच्या आयुष्यावर बीजिंगमध्ये संगीत नाटक झालं आणि त्यात मार्बरीची भूमिका मार्बरीनेच केली. २०१७ मध्ये सिनेमा आला, तिथेही तोच. नाटकाचं मला नवल वाटत नाही, आपल्याकडे असता तर वगनाट्य झालं असतं.

आयपीएल बघणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. बंगळुरूत डिव्हिलियर्स फलंदाजीला यायचा तेव्हा स्टेडियममध्ये जो आवाज व्हायचा, तो आपल्या कित्येक भारतीय खेळाडूंच्याही वाट्याला आला नाही. लोक कुणाला ‘आपला’ म्हणतील, याचा पासपोर्टशी संबंध कमीच असतो.

पण क्लब म्हणजे चाहते नव्हेत. २०१७ मध्ये बीजिंग डक्सने त्याचा खेळाडू म्हणून करार वाढवला नाही. पुतळा बाहेर उभा, आणि माणसाला आत जागा नाही. तो चाळीस वर्षांचा झाला होता, क्लबचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही. आई विचारते तेच, ‘ठेवतायत ना पुढच्या वर्षी?’ पुतळा असलेल्यालाही हा प्रश्न चुकला नाही. तेव्हा मार्बरीने काय केलं, तर त्याच शहरातला दुसरा, लहान संघ गाठला. बीजिंग फ्लाय ड्रॅगन्सकडून तो आणखी एक सीझन खेळला. ११ फेब्रुवारी २०१८ ला शेवटचा सामना झाला. त्यात २० पॉइंट्स केले, संघ जिंकला आणि नऊ दिवसांनी तो एक्केचाळीस वर्षांचा झाला.

२०१९ मध्ये तो त्याच लहान संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ज्याचं आयुष्यभर प्रशिक्षकांशी भांडण, तोच मग बाजूला उभा राहून ओरडायला लागला. लॅरी ब्राउननी हे बघितलं असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

२०२० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत मास्क मिळेनासे झाले, तेव्हा चीनमधल्या ओळखींतून १ कोटी मास्क कमी दरात न्यूयॉर्कला पोहोचवण्यासाठी तो धडपडत असल्याची बातमी आली. ज्या शहराने त्याला हुसकावलं, त्याच शहरासाठी. ‘माझं घर आहे ते’, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला होता. म्हणजे पुतळा, मेट्रो, परवाना, सगळं बीजिंगमध्ये असलं तरी घर म्हटलं की अजून कोनी आयलंडच.

हैदराबाद, इंदूर, बडोदा, सुरत इथे तीन-तीन पिढ्या राहून ‘गाव कुठलं?’ विचारल्यावर सातारा-सांगली सांगणाऱ्या माझ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

तर भिलाईच्या ताई, लेकीला सांगा, घरी नाही बसत ती माणसं. कुणी तुर्कस्तानात असतं, कुणी तायुआनच्या थंडीत. बहुतेकांचे पुतळे होत नाहीत, हेही सांगा. बहुतेक जण सात-आठ देशांत खेळून, दोन-चार भाषांमधल्या शिव्या आणि जेवणाची नावं शिकून, गुडघे दुखायला लागले की परततात. आणि तिला क्लिप्स बघायच्याच असतील तर ३० मार्च २०१२ चा सामना शोधायला सांगा. कॉमेंट्री चिनी भाषेत असेल, पण काही अडणार नाही. शेवटची पाच मिनिटं तुम्हीही तिच्या शेजारी बसून बघा, मग मोबाइल काढून घ्या.